कॉलेजचं दार आणि आपण काढलेल्या वाटा

दर जूनला मी आमच्या वस्तीच्या विहारात पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरायला बसतो. गेल्या साली एक बाप पोराला घेऊन आला. पोराला बारावीला मार्क चांगले. शहरातल्या कॉलेजच्या यादीत नावही लागलेलं. तरी बाप म्हणाला, "भाऊ, कॉलेज ऱ्हाऊ द्या. दुसरं काही असंल तर बघा."

या 'दुसरं काही'चा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असला पाहिजे. कारण पर्याय दोन प्रकारचे असतात. एक, आपल्याला दारापासून लांब ठेवायला दुसऱ्यांनी दिलेला. दुसरा, त्याच दारातून आत शिरायला आपण काढलेला. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फसगत होते ती इथंच.

पहिल्या प्रकारची गोष्ट आधी सांगतो. जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एका महार पोरानं सरकारकडे अर्ज केला की, मी फी भरायला तयार आहे, तरी सरकारी शाळेत मला घेत नाहीत. सरकारनं कबूल केलं की न्याय या पोराच्या बाजूनं आहे. पण एकट्या पोरासाठी इतर सगळ्यांना शाळा निरुपयोगी करण्याचा धोका पत्करता येत नाही, असं म्हणून हात झटकले. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ निघालं. म्हणजे एकीकडे विद्यापीठाची तयारी चालू आणि दुसरीकडे आपलं पोर शाळेच्या पायरीवर. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी विलायतेहून कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. १८८२ च्या हंटर कमिशननं हे तत्त्व पुन्हा मान्य केलं, आणि त्याच दमात खालच्या जातींसाठी वेगळ्या शाळांची शिफारस केली. तत्त्व मान्य, पण तुम्ही बसा तिकडे!

दुसऱ्या प्रकारची गोष्ट त्याच काळातली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रशाळा सुरू केली. शाळेच्या वेळेत ज्याला येता येत नाही, त्याच्या वेळेला शाळा न्यायची, हा विचार त्या रात्रशाळेत आहे. माझ्या मते आपल्या सगळ्या पर्यायांचं मूळ तिथं आहे.

आता कॉलेजाकडे येऊ. विद्यापीठ निघून सत्तर वर्षं झाल्यावर, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात हिशोब मांडला. दर दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात शिकणारे पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधल्या जातींचे १४, आणि सगळ्यात खालच्या वर्गाचे शून्य किंवा जवळपास शून्य. हा त्याच महिन्यातला हिशोब आहे, ज्या महिन्यात महाडचं तळं पेटलं. तळ्याचं पाणी आणि कॉलेजचा बाक हे दोन वेगळे लढे नव्हते.

पण शून्य का? नुसता दारावरचा विटाळ हे त्याचं पुरं उत्तर नव्हे. बाबासाहेबांचीच गोष्ट बघा. १९०७ साली मॅट्रिक झाले, पुढं एल्फिन्स्टन कॉलेजात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१३ साली कोलंबियाला गेले तेही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. १९१७ साली तिची मुदत संपली, आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. बुद्धी तीच, माणूस तोच. पैसा थांबला तसं शिक्षण थांबलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेनांकडून कर्ज काढलं, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. बाबासाहेबांची ही गत, तर तुमची माझी काय कथा?

म्हणून बाबासाहेब नुसते 'दार उघडा' म्हणत बसले नाहीत. दारापर्यंत पोचायला काय लागतं ते त्यांनी मोजलं. लागतात तीन गोष्टी: पैसा, राहायला जागा आणि वेळ.

राहायच्या जागेचं काम आधीपासून चाललं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू करवलं. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली तिनं सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. सभेच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. नागपूरकडे जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. पोटासाठी ज्यांनी स्वतः हमाली केली, त्या या बाई. आपल्या पोरींचं शिक्षण कुणी आयतं आणून दिलेलं नाही, हे पोरांनीही ध्यानात ठेवावं.

पैशाचं काम बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात असताना केलं. १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांची गाऱ्हाणी लिहून सरकारपुढं ठेवली. त्यात उच्च शिक्षणाची मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली पोरं जिच्यावर शिकतात, ती हीच. ती भीक नाही, आपण मागून मिळवलेला हक्क आहे. कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू उपकार केल्यासारखं बोलला, तर त्याला हे साल सांगा.

वेळेचं काम पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं केलं. १९४५ साली सोसायटी निघाली, जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. तिथं वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता येई. फुल्यांच्या रात्रशाळेचा विचार नव्वद वर्षांनी कॉलेजात पोचला तो असा. मग १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघालं, पुढं ते मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ हैदराबादला आणि तिथं शिक्षण उर्दूतून. खेड्यातल्या आपल्या पोरानं कुठं जायचं होतं? नागसेनवनात कॉलेजही आलं, वसतिगृहंही आली. त्या परिसरातून दलित साहित्याची पहिली धग उठली. पुढं १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. नाव लागायला इतका विरोध झाला, यावरून कॉलेज ही काय चीज आहे ते ओळखा.

आजचं दार कसलं आहे? १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. देणग्या इतक्या वाढल्या की १९८७ साली त्यांच्या विरोधात कायदा करावा लागला. खाजगी कॉलेजांत राखीव जागांसाठी थेट घटनेत दुरुस्ती करावी लागली, ती २००५ ची त्र्याण्णवावी. त्यातूनही अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला धर्मांतरानंतर १९९० पर्यंत थांबावं लागलं. आणि आता जात-पडताळणी. पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबाचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजोबाला शाळेत घेतलंच नव्हतं, तर दाखला कुठून आणायचा? १८५६ साली ज्यांनी दार लावलं, त्यांचाच कागद आज आपल्याला मागितला जातो.

तर मग 'दुसरं काही' काय? आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे. काम करत पदवी घेता येते. दहावीनंतर आयटीआय करता येतं, तिथून पॉलिटेक्निकला आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. रात्रशाळा आहेत. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. तिथं जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, तीत जेवण-राहण्याचे पैसे मिळतात. मी यांना कमी लेखत नाही. पण प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारा. या वाटेनं पुढं वर जाता येतं का? जाता येत असेल तर ती आपली वाट. पुढं भिंत असेल, आणि कुणी गोड बोलून "तुमच्या मुलाला हेच बरं" म्हणत असेल, तर ती हंटर कमिशनची वेगळी शाळा समजा.

त्या बापाशी मी तासभर बोललो. पोराला शिकायचं नव्हतं असं नाही. शहरात राहायची सोय नव्हती, इतकंच. आम्ही वसतिगृहाचा अर्ज भरला, स्वाधारचे कागद लावले. जागेचा निकाल लागेपर्यंत आमच्यातल्या एका कार्यकर्त्याच्या खोलीत पोराची पथारी पडली. पोर कॉलेजात गेलं.

कार्यकर्त्यांनो, चौदा एप्रिलची वर्गणी आपण दारोदार फिरून गोळा करतो. त्याच फेरीत प्रत्येक घरातल्या दहावी-बारावीच्या पोरापोरींची नावं लिहून घ्या. पडताळणीचे कागद निकालाच्या आधी जमवा. कॉलेज आहे त्या गावात एक खोली भाड्यानं धरा. बहिष्कृत हितकारिणी सभेनं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. आणि पुढच्या जूनला कुणी बाप "दुसरं काही बघा" म्हणाला, तर फॉर्म काढायच्या आधी त्याला विचारा की पैसा, जागा आणि वेळ यांतलं नेमकं काय कमी पडतंय.

जय भीम.