आफ्रिकेचा मासा, थायलंडचे नाव

होसकोटे तालुक्यातल्या बेकायदा मत्स्यतळ्यांच्या बातम्या बेंगळुरूकरांना नव्या नाहीत. कोंबड्यांच्या आणि कत्तलखान्यांच्या कचऱ्यावर तिथे बंदी असलेला आफ्रिकी मासा पोसला जातो. देशभरच्या बाजारांत त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात, पुष्कळदा नुसते ‘मांगूर’. दोन्ही नावे खोटी: मासा मूळचा थायलंडचा नाही, आणि ‘मांगूर’ हे आपल्या वेगळ्या देशी माशाचे नाव.

१८२२ साली या आफ्रिकी माशाचे शास्त्रीय नामकरण झाले. विल्यम बर्चेलने दक्षिण आफ्रिकेतल्या गारीप नदीवरून त्याचे नाव ठेवले. योगायोग असा, की आपल्या देशी मांगुराची नोंदही त्याच वर्षीची, फ्रान्सिस हॅमिल्टनच्या गंगेतील माशांवरच्या ग्रंथातली. हाच हॅमिल्टन, तेव्हाचा बुकॅनन, टिपूच्या पाडावानंतर १८००-०१मध्ये पाहणीसाठी बेंगळुरूच्या मुलखात हिंडला होता.

आफ्रिकी मासा थायलंडमध्ये रुजला, तिथून बांगलादेशात गेला आणि १९९०च्या दशकात परवानगीविना भारतात शिरला. वाटेतल्या मुक्कामाचे नाव त्याला चिकटले, मूळ गाव मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेआड झाले.

हा मासा हवेतूनही श्वास घेतो. घाण, प्राणवायू नसलेल्या पाण्यात तगतो, झपाट्याने वाढतो, दिसेल ते खातो. तळ्यातून निसटला तर ओढ्यानाल्यांतले स्थानिक मासे गट्ट करतो. म्हणूनच केंद्राने २००० साली त्यावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाला टनावारी मांगूर नष्ट करावा लागला. उजनी धरणाच्या काठी, भिगवणच्या आसपासही अशी तळी होती.

या सोंगाची खरी किंमत देशी मांगूर मोजतो. बंगालात आजारातून उठलेल्याला मुद्दाम त्याचे कालवण देतात, इतका त्याचा लौकिक. आज तो संकटग्रस्त आहे, आणि त्याच्याच लौकिकावर परका मासा खपतो. टबात वळवळणारा मासा म्हणजे ताजा, हा गिऱ्हाइकाचा भरवसाही त्याच्या पथ्यावर पडतो.

२००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात खोट्या लेबलासाठी तीन लाखांपर्यंत दंड आहे. पण टबातल्या माशाला लेबल कुठले? युरोपीय संघात २०१३च्या नियमाने सुट्या मासळीवरही शास्त्रीय नाव आणि ती कुठे पकडली वा वाढवली ते लिहावे लागते. तशी पाटी आपल्या बाजारात लागेपर्यंत आकार हीच काय ती खूण. देशी मांगूर सहसा फूटभराचा, आफ्रिकी हातापेक्षा लांब होतो. कोवळेपणी मात्र दोघांतला फरक नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही.