पाचवा गिअर

१९४७ साली अमेरिकेत शेवरलेचे 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' पिकअप आले. तीन गिअर, मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.११. माल भरून शेतरस्त्याने चढायला तेवढे पुरे होते. १९५६ मध्ये महामार्गांचा कायदा झाला, ४१,००० मैलांचे रस्ते ठरले आणि त्या वेगात जुने इंजिन किंचाळू लागले.

उतारा पुढे शेवरलेच्याच एस-१० पिकअपमधून मिळाला: बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स. त्याचा दांडा पुढे असतो, त्यामुळे सलग सीटला अडत नाही. पाचव्यात इंजिनाचे फेरे उतरतात.

तो जुन्या पिकअपमध्ये बसवताना खरी मेहनत मागे आहे. १९५४ पर्यंत अर्ध्या टनाच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत फिरे आणि चाकांचा रेटा त्याच नळीतून पुढे जाई. गिअरबॉक्स बदलला की नळी जाते, तिच्यासोबत मागचा अ‍ॅक्सलही.

आपल्या गॅरेजवाल्यांना मी आग्रहाने सांगतो, काढलेला जुना गिअरबॉक्स भंगारात घालू नका. तेल लावून, खूण करून मालकाच्या हवाली करा. गाडी रस्त्यावर धावली पाहिजे, आणि ती मुळात कशी होती हे पुढच्या कारागिराला कळलेही पाहिजे.