देवाच्या दरबाराची कुळी

एरंडोलच्या स्टँडवरून धरणगावची बस धरली की तासाभराच्या आत बालकवींच्या गावी पोहोचता येते. इंग्रजी अमदानीत धरणगाव एरंडोल तालुक्यातच होते. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आमच्या तालुक्याचे पोर. एका ख्रिस्ती शब्दाची कुळकथा या पोरापासून सुरू करतो आहे, याचे कुणाला नवल वाटेल. शब्द आहे ‘देवाचा दरबार’.

‘दरबार’ मूळचा फारसी. ‘दर’ म्हणजे दार. दरवाजा, दर्गा यांतही तोच ‘दर’ आहे. ‘बार’ म्हणजे आत येण्याची मुभा, राजाची भेट. फारुकी सुलतानांच्या आणि मोगलांच्या कारभारातून आलेले फारसी शब्द खानदेशात घरचेच झाले. पुढे दरबार म्हटले की सिंहासन, मानकरी, मुजरे एवढेच डोळ्यांपुढे येऊ लागले. शब्दाच्या पोटातले दार मात्र विसरले गेले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये हा शब्द उचलला. अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला: ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुसंघ, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. त्या ‘ही’मध्ये सगळी गोम आहे. चर्चच्या हिशेबात बाप्तिस्मा हाच उंबरठा. तो न ओलांडता कुणी आतला कसा ठरणार?

वाद तसा ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. सुंता न झालेल्यांना मंडळीत घ्यायचे का, यावरून पहिल्या शतकातच यरुशलेमेत मोठी बैठक बसली होती. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र हा कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, तेव्हा त्याच्यावर पहिला ठपका आला तो परक्यांच्या पंगतीला बसल्याचा. पुढे अंत्युखियात हाच पेत्र लोकांच्या भीतीने पंगतीतून उठला आणि प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावले. धर्मशास्त्र राहिले बाजूला, भांडण ताटावरून! आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

टिळकांना ते घरातच कळले होते. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही काळाने तो पुन्हा जुळला, तेव्हाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच होत्या, सोवळ्यातल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो पाचेक वर्षांनी, मनातला जातीचा पीळ सुटल्यावर. बाप्तिस्मा न झालेले माणूसही आपलेच असते, हे टिळक पुस्तकातून शिकले नसावेत, असे मला वाटते.

आता ठोंबरे. 1907 मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांनी कविता म्हटल्या आणि कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटले. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच संमेलनात टिळक होते, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. त्यांनी या मुलाला हेरले, आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहायला गेला. बामणाचे पोर बाटलेल्याच्या घरात! त्या काळच्या खानदेशात लोक काय बोलले असतील, याची कल्पना करता येते. टिळक धर्मोपदेशक, माणसे ख्रिस्ताकडे आणणे हेच त्यांचे काम, आणि असे कोवळे, हळवे पोर घरात. तरी बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांना दिले ते घर आणि कवितेची सोबत.

साताऱ्याचा दरबार दहा वर्षांनी आला. मला तर त्याची खरी कुळी टिळकांच्या नगरच्या स्वयंपाकघरातच दिसते. ‘दरबार’ हा शब्द मागाहून सापडला. दार आधीच उघडे होते.

दरबाराला आणि या दोघांनाही पुढे आयुष्य फारसे लाभले नाही. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात बालकवी रेल्वेखाली सापडले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 ला, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या आणि उतारवयात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यात ठोंबरे भेटतात ते घरातल्याच एका लहरी, लाडक्या पोरासारखे.