पिशवीतले गलबत

इ. स. १९५२ मध्ये एअरफिक्स या इंग्रज कंपनीने दर्यावर्दी ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' गलबताची प्लॅस्टिकची प्रतिकृती, सुटे भाग साध्या पिशवीत घालून, वूलवर्थच्या दुकानांतून अवघ्या दोन शिलिंगांस विक्रीस ठेवली, तेव्हा ती पिशवी फाडण्याकरिताच आहे याविषयी कोणास संदेह नव्हता. मुलांनी ती मुक्तहस्ते फाडली, भाग जोडले, शिडे चढविली. म्हणूनच आज अभंग उरलेली एखादी पिशवी संग्राहकांस अमोल वाटते. संग्रहालयाच्या दप्तरी एखादा अस्पर्शित नग असावा, हे रास्तच; परंतु खाजगी कपाटातील गलबतास त्याची शिडे मिळालीच पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण मोहोरबंद वस्तूही अक्षय नसते: १९३६ पासून विकल्या गेलेल्या 'फ्रॉग पेंग्विन' विमान-प्रतिकृतींचे सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक पेटीत पडल्यापडल्याही कालांतराने वाकते.