पाण्याचा बेत आणि गांव

टेंभुर्णीस उतरणाऱ्या प्रवाशास प्रथम दिसतो तो ऊंस. १८७६–७७ च्या दुष्काळानें होरपळलेल्या सोलापूर जिल्ह्यांत ही हिरवळ पाहून मन प्रसन्न व्हावें. आमचेंहि झालें, पण क्षणभरच.

जवळच भीमेवर उजनीचें धरण आहे. तें १९८० सालीं पुरें झालें; सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें. योजना आठमाही, म्हणजे खरीप व रब्बी पिकांस पाणी पुरवून पुष्कळ गांवांचा दुष्काळ हटवावा, अशी. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणें बेत कचेरींत आंखला गेला, आणि शेतकऱ्यानें बारमाही ऊंस लावला. त्यास दोष देणें सोपें आहे. ज्वारीच्या भावाची शाश्वति नाहीं, ऊंस मात्र कारखाना घेणार. मग त्यानें काय करावें?

याच महाराष्ट्रांत दुसरी रीतहि होती. खानदेशांत पांझरेच्या कांठीं फडपद्धति कित्येक शतकें चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वांटलेली. एका फडांत सर्वांचें पीक एकच, आणि ऊंस कोणत्या फडांत हें गांव ठरवी. प्रत्येकाचा तुकडा बहुधा प्रत्येक फडांत असे. पाटकरी गांवानें नेमलेला. पाणी तुटलें तर एखादा फड कोरडा राही व तोटा सर्वांस सारखा बसे. वर्षानुवर्षें भांडून, समजूत घालून बसविलेली ही घडी होती; ती कोणा एका शहाण्याची युक्ति नव्हे.

अमेरिकेंतील नवाहो लोकांवर याच्या उलट प्रसंग आला. मातीची धूप थांबविण्यासाठीं १९३० नंतरच्या दशकांत सरकारनें त्यांच्या मेंढ्या सक्तीनें कमी केल्या. धुपेची भीति खोटी नव्हती. पण मेंढी हेंच त्यांचें धन, आणि निर्णय परक्यांचा. ती कटुता पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पुढें १९९३ च्या कायद्यानें तेथील जमातींस शेतजमिनीच्या योजना जाहीर सभा घेऊन स्वतः करण्याची वाट मोकळी झाली.

आमच्याकडे नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणावर शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था चालवून दाखविल्या. २००५ च्या कायद्यानें अशा संस्थांस मोजून पाणी व पीकनिवडीची मोकळीक दिली. पाण्याचा वांटा त्यानें बांधला गेला, हें आम्ही मोठेंच समजतों. पण फडांत जें गांव ठरवी, तें आतां ज्याचें त्यानें ठरवावयाचें. वरच्या अंगानें ऊंस उभा राहतांना पाटाच्या शेवटीं ज्वारी करणाऱ्यास कोण विचारणार?