काड्यापेट्यांचे यंत्र

यंत्र अनुभवातून कसे शिकते हे लहान मुलांना दाखवायला संगणक लागतोच असे नाही. १९६१ साली डोनाल्ड मिची यांच्यापाशीही तो नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे अ‍ॅलन ट्युरिंग यांचे सहकारी असलेल्या या शास्त्रज्ञाने फुली-गोळ्याच्या डावातील निरनिराळ्या स्थितींसाठी ३०४ काड्यापेट्या मांडल्या आणि त्यांत रंगीत मणी भरले. न बघता जो मणी निघेल, त्या रंगाची खेळी. डाव जिंकला की त्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. आधी सपाटून हरणारे हे ‘यंत्र’ पुढे खुद्द मिचींना भारी पडू लागले.

वर्गात एवढ्या पेट्या कोण जमवणार! त्याऐवजी दहा चिंचोके घ्या. आळीपाळीने एक किंवा दोन उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. २ ते १० आकड्यांच्या नऊ पेट्या करा. प्रत्येकीत थोडे लाल मणी (एक उचला) आणि तितकेच हिरवे (दोन उचला) टाका. जितके चिंचोके उरले असतील, त्या आकड्याची पेटी उघडायची. बरेच डाव झाल्यावर ४ च्या पेटीत लाल आणि ५ च्या पेटीत हिरवे मणी वरचढ झालेले दिसतील. तीनचा पाढा यंत्राला कोणीच शिकवलेला नसतो.

आता ९ ची पेटी मुलांना उघडायला सांगा. डाव दर वेळी यंत्रानेच सुरू केला असेल, तर तिच्यातले मणी जसेच्या तसे असतात. खेळ तिथवर कधी गेलाच नाही, मग यंत्र शिकणार कसे?

महाड-पोलादपूरच्या मुलांना ही पेटी चटकन कळावी. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव गाडले गेले, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही घाला आला. फक्त मधल्या शांत पावसाळ्यांच्या नोंदींवर शिकलेले यंत्र रोज ‘धोका नाही’ म्हणेल आणि जवळजवळ रोज खरे ठरेल. नेमक्या हव्या त्या दिवशी मात्र चुकेल.

चिंचोक्यांच्या खेळात उपाय सोपा आहे: अधूनमधून डाव मुलांनी सुरू करायचा. डोंगरावर असा प्रयोग करता येत नाही. तिथे दुसऱ्या उतारांच्या नोंदी उसन्या घ्याव्या लागतात, ३० जुलै २०१४ च्या माळीणच्याही. आणि रोजच्या पावसाच्या आकड्याशेजारी जमिनीला गेलेली भेग, गढूळ झालेला झरा हेही लिहून ठेवावे लागते. ते शाळेची मुले करू शकतात.