डेव्हिड अब्राहम चेऊलकर : गाण्यांचा चेहरा झालेला अलिबागकडचा 'डेव्हिड'

हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव बहुधा एकाच शब्दात येई : डेव्हिड. उंची बेताची, डोक्यावर टक्कल, अंगाने गोलसर आणि चेहऱ्यावर मिश्कील हसू. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा, 'चुपके चुपके'मधले हरिपद भैया, 'गोलमाल'मधले डॉक्टर केदार ही त्यांची रूपे लोकांना पाठ आहेत. त्यांचे पूर्ण नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते : डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हे आडनाव रायगडच्या किनाऱ्यावरचे आहे. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ रेवदंडा आणि चौल ही जोडगावे आहेत. त्यातले चौल म्हणजेच जुने चेऊल.

आडनावातले गाव

डेव्हिड बेने इस्रायल समाजातले, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. या समाजात सांगितली जाणारी मूळकथा अशी : फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून पुढचा समाज वाढला. बुडालेल्यांना जिथे पुरले असे मानतात, तिथे नवगावला आज स्मारक आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलघाणी चालवली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. भाषा मराठी, बायकांचे नेसणे कोकणी आणि आडनाव गावावरून. पेणचे ते पेणकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, चेऊलचे चेऊलकर.

अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली. कुणी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेले, कुणी सुतारकाम, कारकुनी किंवा शिक्षकी पत्करली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. किनाऱ्यावरची घरे अगदी ओस पडली नव्हती. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग १८४२ चे, अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ १८४८ चे. पण शिकून नोकरीला लागायचे ते मुंबई-ठाण्यात, हे ठरून गेले होते. डेव्हिड यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. ते वाढले ते याच शहरी, शिकलेल्या पिढीत.

पदवी आहे, नोकरी नाही

१९३० मध्ये ते मुंबईच्या विल्सन कॉलेजातून बी.ए. झाले. जागतिक मंदीचा तो काळ. पदवी हाती असूनही अनेक वर्षे धड नोकरी मिळाली नाही. मधल्या काळात त्यांनी कायद्याची पदवीही घेतली, पण तीही कामाला आली नाही. शेवटी नायमपल्ली या चरित्र अभिनेत्याच्या ओळखीने ते दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्यापर्यंत पोचले आणि १९३७ च्या 'झंबो' या चित्रपटातून पडद्यावर आले.

हिंदी सिनेमात बेने इस्रायल माणूस तेव्हा नवा नव्हता. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी लिहिले होते. हेही आडनाव रायगडचेच. ज्यू मुली मूकपटांच्या काळापासून नायिका होत होत्या. इतर समाजांत घरातल्या मुलीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे अब्रूचा प्रश्न होता, तेव्हाची ही गोष्ट. डेव्हिड यांच्यासमोर वेगळी अडचण होती. नायकाला लागणारी उंची आणि चेहरेपट्टी त्यांच्याकडे नव्हती. गळाही गाणाऱ्याचा नव्हता, आणि त्या वर्षांत ही उणीव मोठी होती.

गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

तिसाच्या दशकातला नट गाणारा असणे अपेक्षित होते. मराठी संगीत नाटकात तर गायक आणि नट वेगळे मानलेच जात नसत. बालगंधर्व गात होते म्हणून ते बालगंधर्व होते. बोलपटांनी हीच रीत उचलली आणि कुंदनलाल सैगल हा त्या रीतीचा सर्वांत मोठा तारा ठरला. १९३५ च्या 'धूप छांव'पासून पार्श्वगायन रुळू लागले आणि गाणारा गळा व ओठ हलवणारा चेहरा एकमेकांपासून सुटे झाले.

पाश्चात्त्य देशांत असे झाले नाही. ब्रिटनचा पॉप गायक क्लिफ रिचर्ड लखनौत जन्मलेला. १९६१ च्या 'द यंग वन्स'मध्ये तो नायक झाला तो आपल्या आवाजाच्या जोरावर. तिथे आधी रेकॉर्ड गाजते, मग सिनेमा मिळतो. आपल्याकडे मात्र कधी न गायलेल्या माणसाच्या वाट्यालाही अजरामर गाणे येऊ शकते. एरवी हा लाभ नायक-नायिकांचा. चरित्र अभिनेत्याला तो मिळाल्याची जी थोडी उदाहरणे आहेत, त्यात डेव्हिड यांचे ठळक आहे.

चित्रपट होता 'बूट पॉलिश' (१९५४). निर्माता राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा, संगीत शंकर-जयकिशन यांचे. भोला आणि बेलू ही अनाथ भावंडे. त्यांची काकी त्यांना भीक मागायला लावते. शेजारचा जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकणारा, पण मुलांना सांगतो की हात पसरू नका, काम करा. मुले पैसे साठवून पॉलिशचे सामान घेतात. जॉन चाचाने वस्तीतल्या मुलांना मुठीत काय आहे असे विचारायचे आणि मुलांनी उत्तर द्यायचे, अशा सवालजवाबाचे गाणे यात आहे. त्यातला जॉन चाचाचा आवाज मोहम्मद रफींचा, मुलांच्या बाजूने आशा भोसले. आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत ते होते, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना रफींच्या आधी डेव्हिड यांचे टक्कल आठवते.

दुसरे गाणे अभिनयाच्या दृष्टीने अधिक अवघड. जॉन चाचा तुरुंगात आहे, भोवती टकले कैदी, आणि तो पावसाची आळवणी करतो. 'लपक झपक' हे मन्ना डे यांनी गायलेले गाणे अडाणा रागावर बांधलेले, त्यात शास्त्रीय गायकीच्या खाचाखोचा भरपूर. प्रसंग विनोदी, पण गाणे थट्टेवारी गायलेले नाही. ताना, हातवारे, श्वास, सारे न गाणाऱ्या नटाने असे उभे केले आहे की गळा त्याचाच वाटावा. आणि चित्रपटातली खोच अशी की पाऊस खरेच येतो, चिखलात कुणी बुटाला पॉलिश करून घेत नाही, आणि बाहेर त्या मुलांवर उपाशी राहायची पाळी येते.

या भूमिकेसाठी डेव्हिड यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही 'बूट पॉलिश'लाच मिळाला. बेलूचे काम करणाऱ्या बेबी नाझची १९५५ मध्ये कान महोत्सवात खास दखल घेतली गेली.

सगळ्यांचे काका

पुढची पंचवीस वर्षे त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांच्याच भूमिका आल्या. काका, मामा, डॉक्टर, प्रेमळ शेजारी. हा साचाच होता आणि सामान्य नट त्यात विरून गेला असता. हृषीकेश मुखर्जींनी मात्र या साच्याचा चांगला उपयोग केला. 'सत्यकाम'मधला रुस्तम, 'अभिमान'मधले ब्रजेश्वरलाल, 'चुपके चुपके'मधले हरिपद भैया, 'खूबसूरत'मध्ये रेखाचे वडील. 'गोलमाल'मध्ये (१९७९) भवानीशंकरच्या विक्षिप्त आवडीनिवडींची माहिती रामप्रसादला देतात ते डॉक्टर केदारच. पुढचा सगळा मिशीचा घोटाळा तिथून सुरू होतो. त्याच वर्षी बासू चटर्जींच्या 'बातों बातों में'मध्ये ते वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीतले अंकल टॉम झाले.

ही यादी जुळवून पाहिली की एक गोष्ट दिसते. पारशी, ख्रिस्ती, उत्तर भारतीय हिंदू, हे सगळे त्यांनी केले. कोकणातला मराठी ज्यू मात्र क्वचितच त्यांच्या वाट्याला आला असता, कारण तशी पात्रे कुणी लिहीतच नव्हते. हिंदी सिनेमाच्या दृष्टीने 'डेव्हिड' हे नाव गोवेकर किंवा वांद्र्याच्या माणसाचे होते. पुष्कळ प्रेक्षक त्यांना ख्रिस्तीच समजत आले. 'चेऊलकर' पडद्यावर आले असते तर हा गैरसमज किती टिकला असता?

गाण्यासाठी वापरला गेला नाही, पण आवाज हीच त्यांची दुसरी कमाई होती. स्वच्छ उच्चार, हजरजबाबीपणा आणि इंग्रजी-हिंदीवरची सारखी पकड यामुळे फिल्मफेअर सोहळ्यांसह मोठ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन अनेकदा त्यांच्याकडे असे. एवढासा माणूस भारोत्तोलनाच्या संघटनेतही काम करत होता, याचे लोकांना नवल वाटे. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लग्न केले नाही.

किनारा रिकामा होत गेला

डेव्हिड पडद्यावर स्थिरावत होते त्याच वर्षांत त्यांचा समाज देश सोडत होता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक तिकडे गेले, आता इथे काही हजारच उरले आहेत. जाण्यामागे छळ नव्हता. नातलग गेले, लग्नाला स्थळे उरली नाहीत, सिनेगॉगात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनात, म्हणून पुढचे कुटुंब निघाले. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

डेव्हिड इस्रायलला गेले नाहीत. चार दशकांहून अधिक काळ मुंबईत काम करून, शंभरावर चित्रपट मागे ठेवून ते आयुष्याच्या शेवटी कॅनडात गेले, आणि १९८२ साल उजाडता उजाडता टोरंटोत वारले. 'गोलमाल' आणि 'खूबसूरत' तेव्हा अगदी ताजे होते. त्यांचे काम पाहायचे असेल तर सुरुवात 'बूट पॉलिश'पासून करावी, आणि तुरुंगातले ते गाणे आधी आवाज बंद करून पाहावे.